आमच्या गल्लीचं पाणी आणि माझा पहिला सर्व्हर

आमच्या शहरात नळ उघडा ठेवायची पद्धत आहे. पाणी रोज येत नाही, कधी येईल याचाही नेम नाही, म्हणून तोटी सोडून ठेवायची, थेंब पडला की वाजावं म्हणून खाली एक पातेलं पालथं घालायचं आणि कान तिकडे ठेवून बाकीची कामं करायची. पाण्याच्या आधी नळातून हवा येते. तो फुसफुसाट ऐकला की तव्यावर पोळी असली तरी बाई उठते. बाहेरगावचे पाहुणे आम्हाला हसतात. हसोत बापडे, त्यांच्याकडे रोज येतं.

हे सगळं आठवतं ते माझ्या शेजारणीमुळे. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरी ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. ती वाळूजला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी परत. आमच्या गल्लीत पाणी येतं ते सकाळीच, आणि आलं तरी जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात टाकी भरली नाही, तर पुढच्या फेरीपर्यंत सासूचं अंग कशानं पुसायचं आणि तिच्या चादरी कशात धुवायच्या? म्हणून हवा आली की ती बस सोडून द्यायची. मी भरून देते म्हणावं तर त्याच पाऊण तासात मलाही भरायचं असतं. नळ दोन आणि हात तेवढेच. अशा न सांगता घेतलेल्या रजा इतक्या झाल्या की शेवटी तिच्या सुपरवायझरनं बजावलं. आदल्या दिवशी दुपारच्या चहाच्या सुट्टीत सांगितलंत तर सेकंड शिफ्टला बदलून देईन, पण आता एकदा जरी न सांगता घरी राहिलात तर परत येऊ नका.

"आदल्या दिवशी कसं सांगू ताई?" ती मला म्हणाली. "पानी काय मला इचारून येतंय व्हय?"

खरं म्हणजे आदल्या दिवशी कळू शकतं. आमच्याकडे पाणी वरून एकेक गल्ली करत खाली येतं. वरच्या गल्लीत आज दुपारी आलं की आमच्यात उद्या सकाळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण वर आलं, हे कळणार कसं? वसाहतीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर 'आलं का' विचारणारे शंभर, 'कुठं काय' म्हणणारे शंभर, मध्ये गुलाबाची शुभ सकाळ आणि कुणाच्या तरी पुतण्याचा सत्कार. शेजारणीचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा. तो चहाच्या सुट्टीत हातात येतो तेव्हा तिनं चहा प्यायचा की ही जत्रा चाळायची? तिला एकच ओळ हवी होती, उद्या आपल्याकडे पाणी आहे की नाही.

ती ओळ मी देते, असं मी बोलून बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी गणिताच्या शिकवण्या घेणारी बाई. माहेर कन्नड तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. आवाज मोठा आणि राग नाकावर. पुढे मुलं मोठमोठ्या क्लासांकडे वळली, माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या, तेव्हा औरंगपुऱ्यात वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या एका क्लासला मी नाव घातलं. शिकवणारी मॅडम माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. ती मला काकू म्हणायची आणि मी तिला मॅडम. पानाचे रंग, बटणं, अक्षरं हे सगळं मला पटकन जमलं. मग सर्व्हर आला. म्हणजे पडद्यामागचा तो प्रोग्रॅम, जो कुणी पान मागितलं की ते देतो. पानावरची बटणं चालवणारी तीच जावास्क्रिप्ट भाषा, पण आता ब्राउझरमध्ये नाही, पाठीमागे चालवायची.

मॅडमनं पहिल्या दिवशी मोजक्या ओळी लिहायला लावल्या. त्यातली शेवटची ओळ सर्व्हरला 'ऐक' असं सांगणारी. मी ती चालवली आणि काहीच झालं नाही. काळ्या खिडकीत कर्सर लुकलुकत राहिला. "अडकलं," मी म्हटलं.

"अडकलं नाही काकू. ऐकतंय."

माझ्या अंगावर काटा आला. नळ उघडा टाकून कान लावून बसलेलं घर मी जन्मभर पाहिलं होतं, आणि इथे एक यंत्र तसंच बसलं होतं, न कंटाळता, कुणी हाक मारेल म्हणून. त्या संध्याकाळी मी तेच घरी चालवलं, आमच्या वायफायला शेजारणीचा फोन जोडला आणि तिच्या ब्राउझरमध्ये माझ्या लॅपटॉपचा आकडी पत्ता टाकला. भिंतीपलीकडे, तिच्या सासूच्या खाटेशी बसलेल्या तिच्या हातात माझा शब्द उमटला: नमस्कार.

"ह्ये तुमच्या घरातून आलं?" तिनं भिंतीला हात लावून विचारलं. सासूनंही मान वळवून त्या शब्दाकडे पाहिलं. मी शिकवणीत इतकी वर्षं प्रमेयं सिद्ध केली, पण असा पुरावा मी कधी कुणाच्या हातात दिला नव्हता.

कौतुक तिथवरच. दुसऱ्या दिवशी मी 'नमस्कार' खोडून 'उद्या पाणी आहे' असं लिहिलं आणि पान पुन्हा उघडलं, तर नमस्कारच. पुन्हा उघडलं, पुन्हा नमस्कार. मी लॅपटॉपला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मॅडमला फोन केला, तर ती म्हणाली, सर्व्हर सुरू होताना जे वाचतो तेच धरून बसतो, नवं लिहिलंत तर त्याला बंद करून पुन्हा सुरू करा. मी पहिली खिडकी मागे तशीच ठेवली, दुसरी उघडली आणि तिथे सर्व्हर सुरू केला. लाल अक्षरांचा ढीग पडला. लॅपटॉप जुना झालाय, मी घरात जाहीर केलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

"काकू, एरर वाचली का?" मॅडमनं फोनवर विचारलं.

"लाल आहे."

"लाल आहे ते कळलं. वाचली का?"

मी वाचली नव्हती. 'प्रश्न पूर्ण वाचा, अर्धे मार्क तिथेच आहेत' म्हणून मी पोरांच्या पाठीत धपाटे घातलेत, आणि मी स्वतः लाल रंग पाहूनच पेपर बाजूला ठेवला होता. मग चष्मा लावून पहिली ओळ वाचली. ही जागा आधीच कुणीतरी घेतलेली आहे, असं साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. मागच्या खिडकीतला माझाच पहिला सर्व्हर अजून तिथे ऐकत बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याला थांबवलं आणि दुसरा मुकाट सुरू झाला.

त्या दिवसापासून मी लाल अक्षरांना घाबरायचं सोडलं. उलट मला त्यांचं नवल वाटू लागलं. कुठली फाइल, त्यातली कितवी ओळ, त्या ओळीतलं कितवं अक्षर, काय हवं होतं आणि काय मिळालं, सगळं स्वच्छ. भांडताना एवढं नेमकं आणि एवढं खरं बोलणारं माणूस मला अजून भेटायचंय, आणि मी काही कमी भांडलेली नाही.

त्रास द्यायची ती न बोलणारी चूक. एकदा पान उघडलं की ते नुसतं गोल गोल फिरत राहायचं. एरर नाही, काही नाही. मी प्रत्येक पायरीवर काळ्या खिडकीत एक शब्द छापून पाहिला, कोण कुठवर पोचतंय ते कळावं म्हणून. मागणी येत होती, मजकूर तयार होत होता, आणि तो परत पाठवायची ओळच मी लिहिली नव्हती. सर्व्हर बिचारा काय करणार? आणि पलीकडचा फोन तरी काय करणार, तो वाट पाहत होता. शिवाय पाणी आल्याचं कळवायला मी पानावर एक बटण ठेवलं होतं; ते दाबून पाठवलेली बातमी माझ्याकडे 'अनडिफाइंड', म्हणजे रिकामी, पोचायची, कारण आलेलं पाकीट उघडणारी ओळ मी वाचणाऱ्या ओळीच्या खाली लिहिली होती. इथे क्रमाला किंमत आहे, हे मला तेव्हा थोडंसं कळलं. पूर्ण कळायला अजून वेळ होता.

मॅडमनं एक गोष्ट सांगितली ती मात्र मी आजही मनात घोळवते. हा सर्व्हर एकटा असतो. पण तो कुणाच्या दाराशी ताटकळत उभा राहत नाही. माहिती साठवलेली असते त्या डेटाबेसला तो विचारतो आणि उत्तर येईपर्यंत पुढच्याची मागणी घेतो, मग त्याच्या पुढच्याची. उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. कुणाला विसरत नाही, कुणावर खेकसत नाही. मी क्लासमधून रिक्षानं घरी येताना क्रांती चौकातल्या गर्दीत त्याचाच विचार करत होते, आणि खरं सांगते, मला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले. फक्त, जिथे त्यानं थांबायलाच हवं तिथे 'अवेट' असा शब्द लिहावा लागतो. "ज्याचं उत्तर हातात हवं त्याच्यापुढं लावायचा," मॅडम म्हणाली. मी वाचायच्या ठिकाणी लावला. पान चाललं. मी खूश.

पान इंटरनेटवर चढवलं एका फुकटच्या जागी. फुकटचा सर्व्हर वापर नसला की झोपतो, आणि त्याला उठायला जवळजवळ मिनिट लागतं. चहाच्या सुट्टीत मिनिट म्हणजे अर्धा चहा. म्हणून मी रोज सुट्टीच्या थोडं आधी पान स्वतः उघडून त्याला जागं करायची, घरातल्या माणसाला उठवतात तसं. वरच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक भाभी आहेत. त्यांच्याकडे मी शिवायला टाकते. त्यांच्या फोनवर पान उघडून दिलं. पाणी आलं की यादीतून आपली गल्ली निवडायची आणि बटण दाबायचं. भाभींनी बटण दाबलं की शेजारणीला वाळूजला ओळ दिसायची, 'उद्या सकाळी आपल्याकडे पाणी'. ती सुपरवायझरला सांगायची, सेकंड शिफ्ट घ्यायची, आणि सकाळी पदर खोचून नळाशी हजर असायची. हे असं काही फेऱ्या झालं. दर वेळी मला वाटायचं, शिवणयंत्रावरून उठलेल्या एका बाईचं बोट वाळूजच्या कँटीनमध्ये कसं पोचलं? कसं ते मला आता माहीत होतं, तरी आश्चर्य कमी होत नव्हतं.

मग ती दुपार आली. शेजारणीनं चहाच्या सुट्टीत पान उघडलं आणि पान कोरं होतं. ना हो, ना नाही. कोरं म्हणजे पाणी नाही, असं तिनं धरलं. मला तिनं हे संध्याकाळी कुंपणावरून सांगितलं, आणि मीही म्हटलं, असेल. सकाळी ती नेहमीसारखी बसनं गेली. तिची बस वाळूजला पोचली असेल, तेव्हा माझ्या नळातून हवा आली.

तिला कळवायचं कसं? तिचा फोन गेटवर जमा झाला असणार. पण आधी हात नेहमीच्या कामाला लागले. ताजं पाणी यायचं म्हणजे शिळं ठेवायचं नाही, ही इथल्या बायकांची शिस्त. नंतर विसळत बसायला वेळ कुठला, म्हणून हवेच्या आवाजावरच हंडा, कळशी, पिंप सगळं ओतून मोकळं करायचं. गल्लीभर अंगणं ओली झाली. मीही सगळं ओतलं, विसळलं, नळाखाली मांडलं. हवा आली, अजून आली, आणि थांबली. वरच्या रस्त्यावर लाइन फुटली होती. त्या फेरीत आमच्या गल्लीला थेंब मिळाला नाही.

संध्याकाळी मी कळशी घेऊन शेजारणीच्या दारात उभी होते. गल्लीत तिच्या एकटीच्या घरी पाणी होतं. ती कामावर होती, तिनं काही ओतलं नव्हतं.

"शिळं हाय बघा ताई," ती म्हणाली.

"अगं, पाणी आहे ना."

तिनं पिंपातून तांब्या तांब्यानं माझी कळशी भरली. मी बघत होते आणि मला दुसरंच काही दिसत होतं. माझ्या कोडमध्ये बातमी आली की काय व्हायचं? जुनी नोंद पुसायची, मग नवी लिहायची. ते मी लिहिलं तेव्हा मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. ताजं येतंय म्हटल्यावर शिळं ओतायचं, हे हाताला लहानपणापासून माहीत होतं. आणि सर्व्हर पुसण्याची वाट पाहत नव्हता, लिहिण्याचीही नाही, कारण तिथे मी 'अवेट' लावलाच नव्हता. मी कळशी तिच्या उंबऱ्यावर ठेवून घरी पळाले.

काळ्या खिडकीतल्या नोंदी उघडल्या. सगळं लिहिलेलं होतं, लालच लाल, आणि या वेळी मी पहिल्या ओळीपासून वाचलं. आदल्या दुपारी भाभींनी गल्ली न निवडताच बटण दाबलं होतं. रिकामं पाकीट आलं. माझ्या सर्व्हरनं आधी जुनी नोंद पुसली, मग नवी लिहायला गेला, डेटाबेसनं रिकामं घ्यायला नकार दिला, तो नकार झेलायला मी कुणाला ठेवलं नव्हतं, आणि सर्व्हरनं मान टाकली. पुन्हा उठला तेव्हा त्याच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं. नुसती हवा आली होती आणि मी हंडा ओतून बसले होते. गल्लीतही आणि कोडमध्येही.

ती दुरुस्ती मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्या उभ्यानं केली. पाकीट रिकामं असेल तर घ्यायचंच नाही, 'गल्ली निवडा' असं परत सांगायचं. भरलेलं असेल तर आधी नवी नोंद लिहायची, ती लिहिली गेली असं डेटाबेस म्हणेपर्यंत थांबायचं, आणि मगच जुनी पुसायची. काही बिघडलं तर जुनी तशीच, तिच्या वेळेसकट. ओळींची फक्त अदलाबदल, आणि दोन ठिकाणी 'अवेट'. एवढाच फरक. मी रिकामं पाठवून पाहिलं, जुनी ओळ जागच्या जागी. भरलेलं पाठवलं, नवी आली. पुन्हा रिकामं. जुनी जागच्या जागी. माझे डोळे भरून आले, आणि मी गणितवाली बाई, उत्तर बरोबर आल्यावर रडणाऱ्यातली नाही. मग शेजारणीच्या दारातून माझी कळशी आणली.

पुढच्या फेरीपर्यंत शेजारणीच्या पिंपाचा तळ दिसू लागला. सासूच्या चादरी काचकागदासारख्या खरखरीत झाल्या होत्या. "या टायमाला चुकलं तर मी घरीच राहनार ताई," ती म्हणाली. "नोकरी जाऊ द्या. आत्याबाईंचं असं किती दिवस करू?" म्हणजे या वेळी चहाच्या सुट्टीपर्यंत ओळ आली तरच तिची नोकरी राहणार होती.

त्या दुपारी मी लॅपटॉपसमोर बसले. पान जागं, सर्व्हर जागा, नोंदीच्या खिडकीत मी त्याला उठवल्याची तेवढी एक ओळ. पाकीट काही येईना. कोडमध्ये आता काही चूक नाही हे मला ठाऊक होतं, आणि तीच अडचण होती. तिथे चूक असती तर तिनं ओळ क्रमांकासह सांगितलं असतं. सुट्टी जवळ आली, तशी मी चप्पल घातली आणि उन्हात वरच्या गल्लीकडे निघाले.

गल्लीच्या तोंडाशीच पाण्याच्या मोटरींची घरघर ऐकू आली. दारं बंद आणि दारांखालून पाण्याचे ओघळ. पाणी आलं होतं, या वेळी जरा उशिरा, आणि अख्खी गल्ली मिठाची गुळणी धरून बसली होती. भाभी पाइप धरून टाकीशी उभ्या होत्या.

"भाभी, बटण?" मी तिथूनच ओरडले.

"टाकी तो भरने दो," त्या हळूच म्हणाल्या. "अभी बोली तो सब मोटर लगा देते. धार पतली हो जाती."

आपली टाकी भरेपर्यंत कुणी बोलत नाही, ही या शहराची रीत मीही पाळते. हवा आली की आम्ही ऐकतो सगळे, सांगत कुणी नाही. पण माझा राग माझ्याआधी पोचलेला असतो. मी त्यांना शेजारणीचं सगळं सांगितलं, सासूचं, सुपरवायझरचं, चहाच्या सुट्टीचं, जरा चढ्या आवाजात. भाभींनी पाइप माझ्या हातात दिला, ओढणीला हात पुसले आणि फोन उचलला. गल्ली निवडली. बटण दाबलं. थोड्या वेळानं त्यांची धार खरंच बारीक झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाइप परत घेतला.

शेजारीण संध्याकाळी आली ती हसतच. चहाचा कप तसाच टाकून ती सुपरवायझरकडे गेली होती. सेकंड शिफ्ट मिळाली. त्या रात्री तिनं पानाचा पत्ता वसाहतीच्या ग्रुपवर टाकून दिला.

सकाळी हवा आली. मी काही ओतलं नाही. लॅपटॉप ओट्यावर उघडा होता, आणि हवेमागून पाणी आलं तशी मी कळशी लावायला वाकले. कळशी भरायच्या आतच पडद्यावर नवी ओळ उमटली. आमची गल्ली, पाणी आलं. ही कुणी पाठवली? मी कुंपणाशी जाऊन पाहिलं. शेजारीण नळाशी उभी होती, एका हातात फोन. तिची मोटर अजून सुरू झाली नव्हती.

"अगं, आधी मोटर लाव की. सांगायचं ते नंतर सांग."

"लावते," ती म्हणाली. "खालच्या गल्लीत बी कुनीतरी कामाला जात आसंल की ताई. त्याला बी आज सांगावं लागंल."

गल्लीत एकेक मोटर घरघरू लागली. हवा ऐकू न आलेली घरंही पान पाहून उठली होती. माझी धार करंगळीएवढी झाली, तिची तर त्याहून बारीक. मी आत आले तेव्हा पडद्यावर मागण्या येत होत्या, एक, मग दुसरी, मग ओळीनं, खालच्या गल्लीतल्या, ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत अशा माणसांच्या. माझा तो एकटा सर्व्हर प्रत्येकाला ती एकच ओळ देत होता, उद्या सकाळी आपल्याकडे पाणी, आणि कुणालाही ताटकळत ठेवत नव्हता. मी हातातली कळशी विसरून बघत राहिले.

शेजारणीची टाकी त्या दिवशी निम्मीच भरली. तिनं सासूला नळाच्या ताज्या पाण्यानं अंघोळ घातली, चादरी धुतल्या आणि दुपारच्या बसनं सेकंड शिफ्टला गेली.